लिंबाची पट्टी

भुताची गोष्ट सांगणारा जो तो अमावास्येची रात्रच का धरून बसतो, हे मला आजवर कळलेलं नाही. रात्री निदान माणसं सावध असतात, दाराला कडी असते, कुत्री भुंकतात. आमच्याकडची चैत्रातली दुपार कधी बघितली आहे का? माणसं दारं लोटून झोपलेली, जनावरं सावलीला माना टाकून उभी, गल्लीत चिटपाखरू नाही. त्या वेळी गावात काय काय फिरत असेल, ते बघायला कुणी जागंच नसतं. मी एकदा जागा होतो. तेवढंच सांगतो. तुम्ही तो दिवा मात्र बारीक करू नका.

मी कडूबा. जातीनं माळी, पण मळा माझ्या नशिबी नव्हता. औरंगाबादला एका बागेत उस्ताद रहमतुल्लांच्या हाताखाली नऊ वर्षं काढली आणि झाडांचा वैद्य होऊन अंबडला परत आलो. लोक हसायचे. माणसाला वैद्य मिळत नाही आणि हा झाडाची नाडी बघतो म्हणायचे. पण कुणाच्या मोसंबीला डिंक सुटला, कुणाचा आंबा एका अंगानं वाळला, की हसणारे तेच लोक बैलगाडी घेऊन दारात उभे राहायचे.

उस्तादांनी मला पुष्कळ शिकवलं, पण त्यात एक गाठ होती. झाडाच्या जखमेला तरटाची पट्टी बांधायची ती साध्या गाठीनं बांधली, तर खोड वाढतं आणि सुतळी सालीत रुतते. उस्ताद म्हणायचे, "जखम बांधना सबको आता, कडूबा. झाड बढता, तो गाँठ बी ढीली होना." दोन वेढे, सुतळीचं शेपूट आतून उलटं, आणि एक पेच डावीकडून. खोड जसं फुगेल तशी ती गाठ आपसूक सैल पडते. आमच्या चार तालुक्यांत ती गाठ मला एकट्याला येत होती, आणि मला त्याचा गर्व होता हे कबूल करतो.

फसली तेराशे शेहेचाळीस साल, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे सदतीस. निजामाचं राज्य. चैत्राच्या सुरुवातीला कारभारी नावाचा एक गडी कुंभार पिंपळगावाहून गाडी घेऊन आला. त्याच्या मालकांच्या अंगणातला लिंब वाळत होता. कडुनिंबाला आमच्याकडे नुसतं लिंबच म्हणतात.

"एका लिंबासाठी एवढ्या लांबून आलास?" मी विचारलं.

"मालकांचा लई जीव हे त्याच्यावर," कारभारी म्हणाला. मग बैलांकडे बघत हळूच म्हणाला, "दुपारचं काम करू नका तिथं. सकाळी करा, नायतर ऊन उतरल्यावर."

उन्हाचं म्हणतो आहे, असं मला वाटलं.

मालकांचं नाव धर्मराज. गावची पाटीलकी त्यांच्याकडे नव्हती, पण एवढं काळं रान असलेल्या माणसाला आमच्याकडे पाटीलच म्हणतात. पन्नाशीच्या आतले, शांत, नेमकं बोलणारे. घर नीटनेटकं, ओसरी सारवलेली. ओसरीच्या खुंटीला एक साखळी टांगलेली होती, नुकतंच तेल दिल्यासारखी चकचकीत. बैलाची असेल म्हणून मी दुसऱ्यांदा बघितलंही नाही. दाराआड पाटलांच्या बायको उभ्या होत्या, द्वारकाबाई. सातवा महिना असावा. डोळ्यांखाली काळं आलं होतं.

लिंब मात्र बघण्यासारखा होता. दोघांच्या कवेत न मावणारं खोड. पूर्वेची बाजू कोवळ्या पालवीनं आणि फुलोऱ्यानं भरलेली, आणि घरावर आलेल्या मावळतीच्या फांद्या पार वाळून खडखडीत झालेल्या. खोडाभोवती कमरेइतक्या उंचीवर चार बोटं रुंदीचा पट्टा साल गेलेला. वेढा जवळजवळ पूर्ण झाला होता. जेमतेम दोन विती साल शिल्लक होती, आणि सगळं झाड तेवढ्या सालीवर जगत होतं.

"बैल बांधत होतो," पाटील म्हणाले. "साखळीनं गेली साल."

"अजून बांधता?"

"न्हाई. बारा वर्सं झाली आता."

मी जखमेवर बोट फिरवलं. जुन्या जखमेच्या कडा आत वळतात, झाड आपलं आपण ती बुजवू बघतं. तशा कडा होत्याच. पण त्यांच्यावरून नवी साल खरवडली गेली होती, आणि ती जागा ओली होती. बारा वर्षांची जखम ओली नसते. मी तसं बोललो. 

"हे झाड मेलं न्हाई पायजे," पाटील म्हणाले. "बिलकुल न्हाई."

झाडावर एवढी माया करणारा माणूस मी पहिल्यांदाच बघत होतो. मला ते आवडले. आज ते आठवलं की माझीच मला शरम वाटते.

सकाळभर मी काम केलं. वाळलेल्या फांद्या उतरवल्या. आधी खालून चीर द्यायची, मग वरून करवत धरायची, म्हणजे फांदी पडताना खोडाची साल सोलून नेत नाही. कारभारीनं दोर धरला. मग जखमेची मेलेली साल हिरव्या कडेपर्यंत कोरून काढली, शेण आणि वारुळाच्या मातीचा लेप दिला, तरट गुंडाळलं, उस्तादांची गाठ मारली. पट्टी बांधून होते तोच ऊन डोक्यावर आलं. कारभारी केव्हा निघून गेला, ते कळलंसुद्धा नाही.

भाकरी खाल्ली आणि ओसरीवर अंग टाकलं. पाटील आतल्या खोलीत घोरत होते. सगळं गाव चिडीचूप. लिंबाच्या फुलांचा वास उन्हानं दाट झाला होता, घशाशी कडवट लागत होता. डोळा लागणार, एवढ्यात अंगणातून आवाज आला.

पाऊल. मग खर्र... पाऊल. मग खर्र...

कुणीतरी काहीतरी जड ओढत सावकाश चालत होतं. एका लयीत, थकल्यासारखं. मी मान वर केली. अंगणात कुणी नव्हतं. साखळी खुंटीला होती, हलतसुद्धा नव्हती. आणि आवाज झाडाभोवती फिरत होता. माझ्यासमोरून जायचा, खोडामागे गेला की बारीक व्हायचा, पुन्हा समोर यायचा. झाडापासून पाच-सहा हातांवर जमिनीत एक गोल वाट दबलेली होती. सकाळी माझ्या ध्यानात आली नव्हती. वरून कितीदातरी सारवलं होतं, तरी जमीन तेवढीच खाली बसलेली होती.

"दादा..."

मी दचकून वळलो. द्वारकाबाई दाराच्या फळीला धरून उभ्या होत्या.

"तुमाला बी... ऐकू येऊन राह्यलं?"

मी मान हलवली. त्या बाईनं पदर तोंडात कोंबला आणि मटकन खाली बसून रडायला लागली. भीतीचं रडणं नव्हतं ते. जीव भांड्यात पडल्यावर माणूस रडतो, तसं होतं.

"मी येडी न्हाई," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. "दादा, मी येडी न्हाई..."

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी बघितली. गाठ जशीच्या तशी, सुतळी हललेली नाही. पण तरट सोडलं तर आतला लेप पुसून गेलेला आणि शिल्लक राहिलेल्या दोन वितींतली बोटभर साल घासली गेलेली. चीक ओघळत होता. शहाणा माणूस तिथूनच करवत पिशवीत घालून परतला असता. पण माझा हात आणि माझी विद्या! झाड मरतंय म्हटल्यावर मला राहवेना. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, ते हेच.

अशा जखमेवर एकच इलाज उरतो. त्याच झाडाच्या कोवळ्या, बोटाएवढ्या काड्या घ्यायच्या, दोन्ही टोकं तासायची, एक टोक जखमेच्या खालच्या सालीत खोचायचं आणि दुसरं वरच्या सालीत. काड्यांनी जीव धरला की त्यांच्यातून रस वर चढतो. नदीवर साकव टाकतात तसंच. मी सात काड्या बसवल्या.

ते करायला गुडघ्यावर बसावं लागलं, आणि गुडघ्यावर बसल्यावर झाड वेगळं दिसलं. उगवतीकडे, बसल्या माणसाची पाठ टेकेल तेवढ्या उंचीवर, खडबडीत साल झिजून गुळगुळीत झाली होती. त्याच्या बाजूला, तोंड पोहोचेल अशा ठिकाणी, साल कुरतडलेली. मी जनावरांनी खाल्लेल्या साली जन्मभर बघितल्या आहेत. बैलाला वरचे पुढचे दात नसतात, तो साल ओढून फाडतो. या सालीवर वरचे आणि खालचे, दोन्ही दात उमटले होते. लहान होते. जुने होते.

मी उठलो, ओसरीवर गेलो आणि खुंटीवरची साखळी हातात घेतली. तिच्या टोकाला कडं होतं. बैलाच्या पायात काय, वासराच्या पायातही ते गेलं नसतं. आणि कड्याला आतून हिरव्या लुगड्याची चिंधी गुंडाळलेली होती, पायाला लोखंड लागू नये म्हणून. चिंधी विटली होती, साखळीचं तेल मात्र ताजं होतं.

"साळूबाई म्हणून आमची पहिली मंडळी होती," पाटील मागून म्हणाले. ते कधी आले ते मला कळलं नव्हतं. आवाज अगदी शांत होता. "दोन लेकरं गेली, तिचं डोकं फिरलं. दोनदा हिरीत उडी घ्यायला गेल्ती. मंग म्या काय करावं? लिंबाची सावली बरी, हवा चांगली. चार वर्सं ठिवली. हात न्हाई उगारला कधी. दोन टाइम भाकर दिली."

"मग?"

"मेली. चैतातच, दुपारची. आम्ही समदे झोपलेलो. ऊन उतरल्यावर बघितलं."

"हाका मारल्या असतील तिनं."

"रोजच मारायची. रोज कोण उठणार?"

ते माझ्या हातातली साखळी घेऊन पुन्हा खुंटीला नीट अडकवत म्हणाले, "आता हिचं बी तसंच होऊन राह्यलंय. दुपारी आवाज येतो म्हणती. जेवण न्हाई, झोप न्हाई. बाळंतपण तेवढं होऊ द्यायचं. म्हणून म्हणलं, झाड जगलं पायजे."

"पाटील, तो आवाज मलाही आला."

ते पहिल्यांदाच हसले. "मंग तुमच्यासाठी दुसरी साखळी आणावी लागंल, कडूबा."

त्या संध्याकाळी पाणी द्यायच्या निमित्तानं द्वारकाबाई अंगणात आल्या. त्यांनी तांब्या खाली ठेवला.

"तुमी लई चांगलं काम करता म्हणून ऐकलंय, दादा," त्या खाली बघत म्हणाल्या. "एक काम वाईट करा. झाड मरू द्या."

मी उभ्या जन्मात जिवंत झाड मारलं नव्हतं. उस्तादांनी शपथ घातली होती, ज्या झाडाला चाकू लावशील त्याला बरं केल्याशिवाय सोडायचं नाही. रात्रभर मी कूस बदलत राहिलो. साखळीला झाड लागतं, एवढं एकच डोक्यात फिरत होतं. पण झाड उभं राहून मरायला वर्ष जातं, आणि बाईचे महिने भरत आले होते. झाड मारणं पुरणार नव्हतं, बाई तिथून निघायला हवी होती.

काम करायचं ते पाटील झोपलेले असताना, म्हणजे भर दुपारीच.

तिसऱ्या दिवशी ऊन डोक्यावर आलं, आत घोरणं सुरू झालं, तसा मी झाडापाशी गुडघे टेकले. तरट सोडलं. आदल्या दिवशी जपून बसवलेल्या काड्या एकेक करून मधोमध कापायला लागलो. वरून पट्टी बांधली की कुणाला दिसणार नव्हतं. चौथ्या काडीवर चाकू ठेवला आणि मागे आवाज सुरू झाला.

पाऊल. खर्र... पाऊल. खर्र...

मी वळलो नाही. आवाज एक फेरा घालून गेला. दुसरा फेरा घातला. पाचवी काडी. सहावी. तिसऱ्या फेऱ्याला आवाज माझ्या उजव्या खांद्यापाशी आला आणि... थांबला. उन्हात तापलेल्या लोखंडाचा वास आला, आणि कित्येक दिवस तेल न लागलेल्या केसांचा. मग शेजारी कुणीतरी झाडाला पाठ टेकून सावकाश खाली बसलं. दिसलं काहीच नाही. साखळी जमिनीवर जमा झाल्याचा आवाज मात्र कडी कडी ऐकू आला.

"बाई..." माझ्या तोंडून निघालं. "त्या पोरीसाठी करतोय... माफ करा..."

सातवी काडी कापली. लेप लावला, तरट गुंडाळलं, सुतळी घेतली. गाठ चुकली. सोडली, पुन्हा बांधली. पुन्हा चुकली. माझ्या हातांकडे कुणीतरी अगदी जवळून बघत होतं, मनगटावर श्वास लागत होता. तिसऱ्यांदा दोन वेढे, शेपूट आतून उलटं, डावीकडून पेच, असं मनाशी म्हणत बांधली तेव्हा कुठे ती बसली. इतक्या सावकाश मी ती गाठ कुणाला शिकवतानाही बांधली नसती.

ऊन उतरल्यावर मी पाटलांसमोर बसलो आणि आयुष्यातलं सगळ्यात मोठं खोटं बोललो. पानमळ्यात बायकांना जाऊ देत नाहीत, वेलाला विटाळ होतो म्हणतात. मी या असल्या गोष्टींना जन्मभर हसत आलो होतो. आता तोंड गंभीर करून म्हणालो, "पाटील, कलम केलंय. त्यावर गर्भार बाईची सावली पडली तर ते धरत नाही. झाड हातचं जाईल. वहिनींना उद्याच माहेरी पाठवा, आणि झाडाला पालवी फुटेपर्यंत आणू नका. पट्टीही आषाढापर्यंत सोडू नका."

बायको शहाणी आहे, हे त्यांनी ऐकलं नव्हतं. झाडासाठी मात्र लगेच ऐकलं. दुसऱ्या दिवशी पहाटे कारभारीनं गाडी जुंपली आणि द्वारकाबाई जाफराबादकडे, माहेरी निघाल्या. गाडीत बसताना त्यांनी माझ्याकडे बघून हात जोडले. मग झाडाकडे वळल्या आणि तिकडेही जोडले.

आषाढात कारभारी अंबडच्या बाजारात मला शोधत आला. द्वारकाबाईंना मुलगी झाली होती, मायलेकी खुशाल होत्या. मी पेढे मागितले. त्याच्या तोंडावर हसू नव्हतं.

"मालकांनी बोलावलं न्हाई. मीच आलोय. जरा चलता का... मला एकट्याला समजून न्हाई राह्यलं."

आम्ही पोचलो तेव्हा दुपार झाली होती. पाऊस उघडला होता, उकडत होतं. लांबूनच मला लिंब दिसला आणि मी जागीच उभा राहिलो. मावळतीची बाजू हिरवीगार झाली होती. ज्या फांद्या मी मुळापासून उतरवल्या होत्या, त्या जागीसुद्धा दाट फुटवा होता.

अंगणात धर्मराज पाटील झाडाभोवती चालत होते.

त्याच गोल वाटेवर. पायात साखळी दिसत नव्हती, तरी उजवा पाय ओढत होते, आणि झाडापासून पाच-सहा हातांपलीकडे एक पाऊल पडत नव्हतं. मी हाक मारली. त्यांनी माझ्याकडे बघितलं, पण थांबले नाहीत. ओसरीतली खुंटी रिकामी होती.

मी खोडापाशी गेलो. पट्टी खाली गळून पडली होती. जखम नव्हती. काड्या नव्हत्या, त्यांच्या खुणाही नव्हत्या. सगळीकडे एकसंध, जाड साल, आणि तिच्याखाली खोडाला वेढा घालून गेलेला एक उंचवटा. एका ठिकाणी सालीतून साखळीची एक कडी अर्धी बाहेर आलेली होती.

"कडूबा..." पाटलांचा आवाज सुकून गेला होता. ते माझ्यासमोर येऊन थांबले होते. "जरा सोडता का? म्या सोडतो रोज... दुपारी डोळा लागतो. उठलं की बांधलेलं असतं."

"कोण बांधतं?"

"सालटं निघू नये म्हणून बांधती..." एवढंच ते म्हणाले.

मी खाली वाकलो. त्यांच्या उजव्या घोट्याला हिरव्या लुगड्याची चिंधी बांधलेली होती. कोरी, विटलेली नव्हे. तिच्याखाली शेणाचा आणि वारुळाच्या मातीचा लेप होता, अजून ओला. आणि वर गाठ होती. दोन वेढे, शेपूट आतून उलटं, डावीकडून पेच.

ती गाठ फक्त सैल होते, कधी आवळत नाही. तेवढ्यासाठीच उस्तादांनी ती शिकवली होती. पाटलांचा पाय तीन महिन्यांत वाळून काठीसारखा झाला होता, आणि तरी चिंधीत करंगळीचं नख शिरायलाही जागा नव्हती.

मी गाठीच्या शेपटाला बोट लावलं. माझ्या मागे, लिंबाच्या बुंध्याशी कुणीतरी साखळी जराशी, एकच कडी, ओढून घेतली.

मी हात मागे घेतला. ती गाठ मी सोडली नाही, आणि त्या दिवसापासून कुठल्याही झाडाला बांधली नाही.